चित्र कोणाचे, प्रबंध कोणाचा?

कलोपचार ही ज्ञानशाखा आपल्याकडे अद्याप फारशी परिचयाची नाही. ज्याच्या मनाला जखम झाली आहे अशा माणसाच्या हाती कागद, रंग, माती द्यावी, त्याने जे निर्माण केले ते त्याच्यासमवेत पाहावे, आणि जे शब्दांत येत नव्हते त्याला वाट करून द्यावी, अशी तिची स्थूल कल्पना आहे. या शाखेत पीएच.डी. करणाऱ्यांमध्ये गेल्या काही दशकांत संशोधनाची एक वेगळी पद्धत रुजली आहे. संशोधक केवळ रुग्णाची चित्रे तपासत बसत नाही, तो स्वतः चित्रे काढतो. रुग्णाबरोबरची बैठक आटोपली की त्या बैठकीने आपल्यात काय हलवले ते तो रंगांत उतरवतो. शेजारी टाचणवही ठेवतो. महिनोन्महिने साठलेल्या या चित्रांतून पुन्हा पुन्हा काय येते, काय येतच नाही, हे पाहतो आणि त्यावरून आपला मूळ प्रश्न बदलतो, धारदार करतो. म्हणजे संशोधकाची स्वतःची कलानिर्मिती ही प्रबंधाची वाटाडी होते.

या त्रैमासिकाच्या वाचकाला याचे काय, असा प्रश्न कोणी करील. मला वाटते, याचे आपल्याला पुष्कळच काही आहे. 'मी' हे ज्ञानाचे साधन होऊ शकते काय, हा या पद्धतीच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. आणि दलित साहित्याने प्रस्थापित समीक्षेशी जो दीर्घ झगडा केला तो याच प्रश्नावरचा होता. म्हणून या पद्धतीचे स्वागत करावे की तिच्यापासून सावध राहावे, हे आपण आपल्या भूमीवर उभे राहून तपासले पाहिजे.

प्रथम तिची वंशावळ पाहू. 'कलोपचार' या अर्थाचा इंग्रजी शब्द एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२ च्या सुमारास प्रचारात आणला. हिल हा वैद्य नव्हता. १९३८ साली तो क्षयाने आजारी पडला, आरोग्यधामात खाटेवर पडून राहिला, आणि अंथरुणाजवळच्या वस्तूंची चित्रे काढता काढता आपण सावरतो आहोत हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने शेजारच्या खाटांवरील रुग्णांच्या हाती पेन्सिल दिली. १९४५ साली त्याचे 'आर्ट व्हर्सेस इलनेस' हे पुस्तक निघाले. तात्पर्य, या शाखेचा पहिला पुरावा एका रुग्णाचा स्वतःवरचा अनुभव होता. पुढे १९५० साली मॅरियन मिल्नर या मनोविश्लेषक स्त्रीने 'ऑन नॉट बीइंग एबल टू पेंट' हे पुस्तक जोआना फील्ड या टोपणनावाने प्रसिद्ध केले. आपल्या हातून चित्र का होत नाही, याचा शोध तिने स्वतःच्याच मुक्त रेखाटनांवरून घेतला. आज ज्याला संशोधनपद्धती म्हणतात ती तेथे पूर्णपणे हजर आहे.

मात्र कलोपचाराला जसजशी रुग्णालयात खुर्ची मिळत गेली तसतसा तो वैद्यकाची भाषा बोलू लागला. निदान, लक्षणे, मोजपट्ट्या, आकडे. पॅट ॲलन या अमेरिकन कलोपचारकर्तीने १९९२ साली एका लेखात तक्रार केली की, आपले लोक दवाखानी होत चालले आहेत आणि स्वतःची कला सोडून देत आहेत. १९९५ साली तिचे 'आर्ट इज अ वे ऑफ नोइंग' हे पुस्तक आले. १९९८ साली शॉन मॅकनिफ याने 'आर्ट-बेस्ड रिसर्च' या ग्रंथात या विचाराला पद्धतीचे रूप दिले. त्याचा मुद्दा सरळ होता. कला हेच ज्या शाखेचे साधन, तिने आपले संशोधन मात्र दुसऱ्याच शास्त्रांकडून उसन्या आणलेल्या साधनांनी का करावे? पुढे बार्बरा फिश हिने उपचारकर्त्याच्या अशा चित्रांना 'प्रतिसादाची कला' मानून त्यांचा पद्धतशीर विचार मांडला. मी पुढे त्यांना प्रतिसादचित्रे म्हणेन.

मॅकनिफचा हा प्रश्न आपल्याला ओळखीचा वाटतो. दलित लेखक लिहू लागला तेव्हा त्याच्यापुढे कोणत्या मोजपट्ट्या टाकण्यात आल्या? अलिप्तता, तटस्थता, विशुद्ध रसास्वाद. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि पाठोपाठ आत्मकथनांची रांग लागली, तेव्हा 'ही कागदपत्रे आहेत, हे साहित्य नव्हे' असा सूर उमटला. एकाच मुखाने दोन आक्षेप घेतले जात होते. हे इतके खाजगी आहे की त्याला ज्ञान म्हणता येत नाही, आणि इतके सामाजिक आहे की त्याला कला म्हणता येत नाही! १९८६ साली शांताबाई कांबळे यांचे आत्मकथन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. एका शिक्षिकेने आपल्या आयुष्याला नाव दिले, 'माज्या जल्माची चित्तरकथा'. आयुष्य हे चित्रांच्या मालिकेतून सांगावयाचे असते, हे आमच्या एका बाईने कोणत्याही पद्धतिशास्त्राचा आधार न घेता शीर्षकातच सांगून टाकले.

याही मागे जावयाचे तर बाबासाहेबांकडे जावे लागेल. अर्थशास्त्रावरील त्यांचे प्रबंध आकडे, कायदे, कागदपत्रे यांच्या भक्कम पायावर उभे आहेत. तेथे 'मी' नाही. परंतु अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकाला समजावून सांगण्याची वेळ आली तेव्हा १९३० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात स्वतःचेच अनुभव मांडले. वडिलांना भेटावयास निघालेल्या लहान मुलांचा तो गोरेगावचा प्रवास, त्यांना न मिळालेले पाणी. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकेच्या रूपात छापले. त्यातील एक गोष्ट संशोधक विद्यार्थ्यांनी नीट पाहावी. बाबासाहेब स्वतःच्या अनुभवापाशी थांबत नाहीत. स्वतःच्या हकिकतींनंतर ते इतर अस्पृश्यांवर गुदरलेले प्रसंग मांडतात. एकाचा 'मी' दुसऱ्याच्या 'मी'शेजारी ठेवला की दुःख योगायोगाचे राहत नाही, त्यामागची रचना उघडी पडते. स्वानुभवाला ज्ञानाचा दर्जा मिळतो तो असा. माझ्या मते कलोपचारातील नव्या पद्धतीची पहिली कसोटी हीच असली पाहिजे. संशोधकाचे चित्र दुसऱ्या कोणत्या चित्राशेजारी ठेवलेले आहे?

येथूनच माझे आक्षेप सुरू होतात. पहिला आक्षेप नावाचा आहे.

जर्मनीत हायडेलबर्ग येथे हान्स प्रिन्झहॉर्न या मनोविकारतज्ज्ञाने पहिल्या महायुद्धानंतर ठिकठिकाणच्या मनोरुग्णालयांतून रुग्णांची हजारो चित्रे गोळा केली आणि १९२२ साली त्यांवर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. युरोपातील आधुनिक चित्रकारांनी तो डोक्यावर घेतला. ग्रंथावर नाव प्रिन्झहॉर्नचे. ज्या दहा रुग्णांच्या कलेची त्यात विस्ताराने चर्चा आहे ते मात्र बदललेल्या नावांनी वावरतात. त्यांपैकी 'फ्रान्झ पोल' हा वास्तविक फ्रान्झ कार्ल ब्यूलर नावाचा कसबी धातुकारागीर होता. १९४० साली नाझींनी मनोरुग्णांच्या सामूहिक हत्येच्या मोहिमेत ग्राफेनेक येथे त्याला ठार मारले. तत्पूर्वी याच संग्रहातील चित्रे नाझींच्या 'अधःपतित कला' या फिरत्या प्रदर्शनात आधुनिक चित्रकारांची नालस्ती करण्यासाठी वापरली गेली होती. चित्राचे कौतुक झाले, चित्राची विटंबना झाली, चित्रावर ग्रंथ झाला. चित्र काढणारा माणूस मात्र या साऱ्यात कोठेच नव्हता.

याच्या उलट उदाहरण फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या ज्यू चित्रकर्तीचे. १९४२ च्या डिसेंबरात तिला तेरेझीनच्या बंदिछावणीत नेण्यात आले. तेथे ती मुलांना चित्रकला शिकवू लागली. मुलांनी आपल्या चित्रावर आपले नाव घालावे, असा तिचा आग्रह असे. जेथे माणसाचा आकडा करून टाकला होता तेथे मुलाने कागदाच्या कोपऱ्यात नाव लिहिणे ही केवढी मोठी गोष्ट होती! १९४४ च्या ऑक्टोबरात ऑशविट्झला तिची हत्या झाली. त्यापूर्वी तिने दोन पेट्यांत दडवून ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रे वाचली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांतील बहुतेक मुले वाचली नाहीत. परंतु त्यांची नावे चित्रांवर आहेत. तिचीच शिष्या ईडिथ क्रेमर १९३८ साली न्यूयॉर्कला पोचली, तेथे गरीब वस्त्यांतील मुलांबरोबर तिने काम केले आणि अमेरिकेतील कलोपचाराचा पाया घालणाऱ्यांत तिची गणना झाली. उपचार करणाऱ्याने स्वतः चित्रकार राहिलेच पाहिजे, हा क्रेमरचा आग्रह होता. त्यामागे छावणीतील त्या शिक्षिकेचा वारसा होता, हे विसरता कामा नये.

आता आजच्या प्रबंधाकडे पाहा. संशोधनाच्या नैतिक नियमांनुसार रुग्णाचे नाव झाकले जाते. ते त्याच्या रक्षणासाठी असते आणि पुष्कळदा आवश्यकही असते. परंतु संशोधकाची प्रतिसादचित्रे मात्र त्याच्या नावासह, रंगीत छपाईत, प्रकरणामागून प्रकरण झळकतात. परिणाम असा होतो की, ज्याचे दुःख होते तो निनावी राहतो आणि ज्याने ते दुःख पाहून चित्र काढले तो कलावंतही ठरतो आणि पंडितही. ही विभागणी आपल्याला नवी आहे काय? अनुभव शूद्रांनी पुरवावा आणि सिद्धांत ब्राह्मणांनी रचावा, अशी भारतीय समाजशास्त्रांची वाटणी झाली आहे, असे गोपाळ गुरू यांनी २००२ साली दाखवून दिले. त्या वाटणीत आता रंगांची भर पडणार असेल तर आपण टाळ्या का वाजवाव्यात?

दुसरा आक्षेप दुःखाच्या कारणाविषयी आहे. स्वतःचे चित्र काढीत बसलेला संशोधक आत आत जातो. बालपण, आई, भीती, स्वप्ने. हे खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण आत जाणारी प्रत्येक वाट पुन्हा बाहेर येतेच असे नाही. कृष्णवर्णीय कलोपचारकर्त्यांनी हा प्रश्न फार पूर्वी उपस्थित केला आहे. क्लिफ जोसेफ हे त्यांतले ठळक नाव. १९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हार्लेमवर प्रदर्शन भरविले आणि त्यात हार्लेमच्याच कृष्णवर्णीय चित्रकारांच्या कलाकृती वगळल्या. त्याविरुद्ध बेनी अँड्र्यूज आदींनी 'ब्लॅक इमर्जन्सी कल्चरल कोअलिशन' स्थापन केली, तिच्या संस्थापकांत जोसेफ होते. १९७१ च्या सप्टेंबरात ॲटिका तुरुंगातील कैद्यांचा उठाव चिरडला गेला, तेव्हा या मंडळींनी तुरुंगांत कलावर्ग सुरू केले. १९७३ साली जोसेफ यांनी एका मनोविकारतज्ज्ञासमवेत 'म्यूरल्स ऑफ द माइंड' हा ग्रंथ लिहिला. त्यात मनोरुग्णांनी एकत्र येऊन काढलेली भित्तिचित्रे आहेत. एकट्याच्या कागदाऐवजी समूहाची भिंत आहे. समाजच रोगट असेल तर माणसाला त्याच्याशी जुळवून घ्यावयास लावणे हा उपचार कसला, अशी त्यांची भूमिका होती. १९७७ साली ल्युसिल व्हेंचर या कृष्णवर्णीय स्त्रीने कलोपचारावर डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेतील या विषयाच्या अगदी आरंभीच्या डॉक्टरेटपैकी ती होय, आणि तिच्या प्रबंधाचे शीर्षकच 'द ब्लॅक बीट इन आर्ट थेरपी एक्स्पिरिअन्सेस' असे आहे. म्हणजे या शाखेतील डॉक्टरेटच्या उगमापाशीच वर्णाचा प्रश्न उभा होता. नंतरच्या काळात 'स्व'ची चर्चा वाढली आणि या नावांचा उल्लेख कमी होत गेला, हे सहज घडलेले नाही.

तिसरा आक्षेप कसोटीचा. चित्र खोटे बोलत नाही, असा एक भाबडा समज आहे. चित्र खुशाल खोटे बोलते. माणूस शब्दांत जशी स्वतःची बाजू सावरून घेतो तशी रंगांतही घेतो. करुणेचे चित्र काढणे तर फारच सोपे असते. म्हणून प्रतिसादचित्राला पुरावा मानण्याआधी त्याची उलटतपासणी झाली पाहिजे.

आणि येथेच या पद्धतीचे खरे सामर्थ्य मला दिसते. समजा, एखादी सवर्ण संशोधक वस्तीतील स्त्रियांबरोबर वर्षभर काम करते आहे. तिच्या लेखी टिपणांत समता आहे, आदर आहे, निर्दोष परिभाषा आहे. पण तिची पन्नास प्रतिसादचित्रे भिंतीवर ओळीने लावली आणि त्यांत एकाही बाईला चेहरा नाही, सगळ्या पाठमोऱ्या आहेत, किंवा प्रत्येकीचे हात पसरलेलेच आहेत, असे दिसले तर? जे तिच्या वाक्याने लपवले ते तिच्या हाताने सांगून टाकले. आकडेवारी हे सांगू शकणार नाही, मुलाखतही सांगू शकणार नाही. वरच्या जातीच्या संशोधकाला स्वतःच्या नजरेचा पत्ता लावून देणारे साधन म्हणून ही पद्धत मौलिक आहे. अट एकच. ती चित्रे पाहण्याचा आणि त्यांवर बोलण्याचा अधिकार त्या स्त्रियांना असला पाहिजे. 'बाई, तुम्ही आमचं तोंड का नाही काढलं?' हा प्रश्न प्रबंधात छापला गेला पाहिजे. मार्गदर्शक आणि परीक्षक यांच्यापुरती भिंत राखून ठेवली तर ती आत्मपरीक्षा नव्हे, आत्मरंजन होईल.

आता आपल्या विद्यार्थ्यांचे काय? दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजातील तरुण या शाखेकडे वळेल तेव्हा 'तुझी स्वतःची कला कोणती?' असे त्याला विचारले जाईल. पाश्चात्य ग्रंथांत हा प्रश्न निरागस आहे. आपल्याकडे तो निरागस नाही. आपल्या हातांतील कसब आपण छंद म्हणून निवडलेले नाही. चामडे कमावणे, दोर वळणे, टोपल्या विणणे, हलगी वाजविणे ही कामे जातीने हातांत कोंबली. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली बजावले, आणि मेलेली जनावरे ओढण्यासारखी कामे टाकून द्या हे त्याआधीपासून सांगत आले. ज्या वस्तू टाकून माणूस माणूस झाला त्याच वस्तू 'पारंपरिक कला' म्हणून पुन्हा त्याच्या हाती देऊन 'यातून बरा हो' म्हणणे हा केवढा क्रूर विनोद होईल!

परंतु याला दुसरीही बाजू आहे. ऊर्मिला पवार यांनी आपल्या आत्मकथनाला २००३ साली 'आयदान' हे नाव दिले. आई बांबूची आयदाने विणीत असे. आईची ती वीण आणि आपले लेखन यांत त्यांना एकच नाते दिसले. येथे कसबाचा गौरव नाही आणि लाजही नाही. ज्या विणीवर घर जगले त्या विणीतच ते किती पिचले, हे दोन्ही एकाच नावात बसले आहे. सवी सावरकर या नागपूरच्या चित्रकाराने गळ्यात मडके अडकविलेला अस्पृश्य, देवदासी, मनू यांना चित्रांत आणले. त्या मडक्याला कोणी वैयक्तिक प्रतीक म्हणू शकेल काय? ते चित्रकाराच्या स्वप्नातून आलेले नाही, इतिहासातून आलेले आहे. आपला विद्यार्थी रंग हाती घेईल तेव्हा त्याच्या 'स्व'मध्ये असे कितीतरी 'आम्ही' उभे असतील. त्यांना बाजूला सारून केवळ आपल्या अंतर्मनाचे चित्र काढ, असे त्याला सांगणे म्हणजे त्याला अर्धे सोलणे होय.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. डॉक्टरेट करणाऱ्या आपल्या मुलांच्या मनावरचा ताण हा आपल्यासाठी पुस्तकी विषय नाही. उच्च वैद्यकीय शिक्षणातील जातिभेदाविषयी थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला हा पीएच.डी.चा विद्यार्थी आपल्यातून गेला. त्याच्या छात्रवृत्तीचे पैसे कित्येक महिने अडले होते. अशा वेळी 'चित्र काढा, मन मोकळे होईल' हा सल्ला कितीही सदिच्छेने दिला तरी अपुरा आहे. वेळेवर मिळणारी छात्रवृत्ती, अपमान न करणारा मार्गदर्शक, तक्रार ऐकणारी यंत्रणा यांची जागा रंगपेटी घेऊ शकत नाही. हे सारे मिळविण्याच्या लढ्यात उभे राहण्यासाठी माणसाला बळ हवे असते, आणि कला ते बळ देऊ शकते. तेवढेच, परंतु तेही थोडे नाही. जयंतीच्या आदल्या रात्री वस्तीतली पोरे भिंतीवर निळ्या रंगात अक्षरे रंगवितात, तेव्हा ती एकटी नसतात, हे त्यांच्या अंगात उतरलेले असते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. संशोधकाने स्वतः चित्र काढावे, या विचाराचे आपण स्वागत करावे. कारण अनुभवाला ज्ञानाच्या दारात अडविणाऱ्यांविरुद्ध तो आपला मित्र आहे. परंतु त्या मित्राला काही अटी घालाव्यात. संशोधकाने आपली जात, वर्ग आणि लिंग यांची जागा पहिल्याच प्रकरणात सांगावी आणि आपल्या चित्रांतूनही ती शोधावी. रुग्णाच्या चित्राची मालकी रुग्णाकडे राहावी, आणि नाव झाकावयाचे की उघड करावयाचे हे त्याला विचारून ठरावे. संशोधकाचे चित्र आधी त्यांना दाखवावे ज्यांच्यावरून ते सुचले, आणि त्यांचे उत्तर प्रबंधात तितकीच जागा घेऊन यावे. आणि प्रबंधाचा शेवट संशोधकाच्या मनःशांतीत होऊ नये. त्या दुःखाचे कारण बाहेर कोठे उभे आहे, त्याच्याकडे त्याने बोट दाखवावे.

आपल्या महाविद्यालयांतून मानसशास्त्र, समाजकार्य, चित्रकला शिकणारी मुले उद्या या वाटेला लागतील. त्यांच्या अध्यापकांनी पाश्चात्य ग्रंथांबरोबर 'चित्तरकथा' आणि 'आयदान' हीही पुस्तके पद्धतिशास्त्राची पुस्तके म्हणून त्यांच्यापुढे ठेवावीत. आत्मकथनाने जे शब्दांत करून दाखविले ते रंगांत करावयाचे असेल, तर त्याच्याइतके निर्भय व्हावे लागेल.